टेक्सास फ्लड: डेमो म्हणून वाजवलेली रेकॉर्ड

(दृश्य: टर्नटेबलवर फिरणारी रेकॉर्ड, लेबल जवळून. 'लव्ह स्ट्रक बेबी'ची सुरुवात, हळूहळू आवाज खाली.)

खरं सांगायचं तर हा अल्बम अल्बम म्हणून वाजवलेलाच नाही. रेकॉर्ड कंपन्यांना ऐकवायला हाताशी एक बरी टेप असावी, एवढ्यासाठी तिघं जण स्टुडिओत शिरले. साल १९८२, नोव्हेंबरचा चौथा आठवडा, गाव लॉस एंजेलिस. स्टुडिओ फुकट मिळालेला, तोही तीनच दिवस. त्यातला पहिला दिवस सामान लावण्यात गेला. उरलेल्या दोन दिवसांत जे वाजलं, ते आज या तबकडीवर आहे.

गिटार आणि गाणं: स्टीव्ही रे वॉन. बासवर टॉमी शॅनन, ड्रम्सवर क्रिस लेटन. बँडचं नाव डबल ट्रबल.

(दृश्य: मॉन्त्रो, सरोवराकाठचं शहर. १९८२.)

स्टुडिओ फुकट का मिळाला, याची गोष्ट त्याच वर्षीच्या जुलैतली. स्वित्झर्लंडमधला मॉन्त्रो जॅझ महोत्सव. १७ तारखेला वॉन स्टेजवर आला तेव्हा त्याच्याकडे ना रेकॉर्ड होती, ना करार. त्या रात्री लोक आले होते बिनविजेच्या, शांत ब्लूजसाठी. हा टेक्सासचा गडी अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र, फुल करून उभा. प्रेक्षकांतल्या काहींनी चक्क हुर्यो उडवली. चित्रीकरण आहे, त्यात ती ऐकू येते. वाजवणं मात्र तसूभरही ढिलं पडलेलं नाही.

त्या महोत्सवात दोन माणसांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. एक डेव्हिड बोवी, इंग्लंडचा रॉक गायक. दुसरा जॅक्सन ब्राउन, हा कॅलिफोर्नियाचा गायक. ब्राउनने रात्री त्यांच्यासोबत बसून वाजवलं आणि म्हणाला, लॉस एंजेलिसला माझा स्टुडिओ आहे, या, वापरा.

स्टुडिओ म्हणजे तरी काय? गोदामासारखी मोठी खोली, खाली सिमेंटची जमीन, त्यावर टाकलेल्या सतरंज्या. एक कोपरा धरून तिघांनी गोल करून सामान मांडलं, एकमेकांची तोंडं दिसतील असं. इंजिनियर होता रिचर्ड मलन, त्यांच्याच सोबत आलेला. टेपसुद्धा कोरी नव्हती म्हणतात, ब्राउनच्या जुन्या रेकॉर्डिंगवरच हे वाजवलं. आणि मग क्लबमध्ये रोज रात्री वाजवायचे तीच गाणी, त्याच तडफेने.

(दृश्य: गिटारच्या गळ्यावर डावा हात, अगदी जवळून.)

आता जरा हाताकडे बघा. बहुतेक रॉक गिटारवाले सर्वांत बारीक तार ९ किंवा १० नंबरची लावतात, म्हणजे इंचाचा ९-१० हजारांश. वॉन १३ लावायचा. इतकी जाड तार अर्धा-पाऊण इंच वर ढकलून सूर ओढायचा म्हणजे बोटाची सालपटं निघणार, आणि निघायचीच. मग तो सुपरग्लू लावून कातडी चिकटवायचा आणि पुन्हा वाजवायचा. ताण थोडा कमी व्हावा, आवाजालाही बरं, म्हणून गिटार अर्ध्या सुराने उतरवलेली. गिटार म्हणजे जुनी, रंग उडालेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर. तिला तो 'नंबर वन' म्हणायचा.

'प्राइड अँड जॉय' लावतो, नीट ऐका.

(गाण्याचा तुकडा, वीस सेकंद.)

दोन गिटारी आहेत असं वाटतं ना? एकच आहे. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, खाली येताना जाड तारांवर बासची चाल, वर जाताना बारीक तारांवर कॉर्डचा, म्हणजे एकत्र सुरांचा, झटका, आणि मधल्या ज्या तारा नकोत त्या डाव्या हाताने मुक्या केलेल्या. ठेका शफलचा, झुलता. शॅनन आणि लेटन त्याच्या मागे इतके घट्ट आहेत की मध्ये कागद सरकवायलाही फट नाही. माझं मत विचाराल तर या रेकॉर्डचं यश जलद सोलोंमध्ये नाहीच, या उजव्या हातात आहे. सोलो पुढे शेकड्यांनी उचलले. हा हात फार थोड्यांना जमला.

टेप निर्माता जॉन हॅमंडच्या हाती पडली. सत्तरी ओलांडलेला माणूस. बिली हॉलिडे, बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन, सगळ्यांच्या सुरुवातीला हा होता. त्याने टेप एपिक या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचवली. गायनाचं थोडं काम ऑस्टिनला झालं, मिक्सिंग न्यूयॉर्कला, पण मूळ वादन पुन्हा करायचं नाही असं ठरलं. शहाणपणाचा निर्णय. १३ जून १९८३ ला रेकॉर्ड बाजारात आली. रेडिओवर तेव्हा सिंथेसायझरचं राज्य, आणि ही अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत ३८ व्या क्रमांकापर्यंत गेली.

बोवीचं काय झालं? त्याच्या 'लेट्स डान्स'वर वॉनने गिटार वाजवली, तो अल्बम एप्रिलमध्ये आलासुद्धा. त्यानंतरचा बोवीचा जगभरचा दौरा मात्र वॉनने ऐन वेळी सोडला. व्यवहार जुळला नाही.

(दृश्य: रेकॉर्ड उजेडात तिरकी धरलेली. ग्रूव्हचे, म्हणजे सुई ज्यातून फिरते त्या खाचेचे, फिके-गडद पट्टे.)

आता रेकॉर्डकडे येऊ.

दहा गाणी, प्रत्येक बाजूला पाच. चार दुसऱ्यांची, सहा वॉनची, त्यातलं एक गीतकार डॉयल ब्रॅमहॉलसोबत लिहिलेलं. अल्बमला नाव देणारं गाणं मुळात ब्लूज गायक लॅरी डेव्हिसचं, १९५८ चं. पूर आलाय, टेलिफोनच्या तारा तुटल्यात, तिच्याशी बोलणं होत नाही. दुसऱ्या बाजूचं 'मेरी हॅड अ लिटल लँब' ब्लूज गिटारवादक बडी गाय (Buddy Guy) यांच्या १९६८ च्या रूपावरून उचललंय. हे बडी गाय आपल्याकडेही वाजवून गेले, २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूज महोत्सवात. आणि २६ ऑगस्ट १९९० ला विस्कॉन्सिनमध्ये वॉनच्या शेवटच्या कार्यक्रमात ते त्याच्यासोबत स्टेजवर होते. तिथून परतताना मध्यरात्रीनंतर हेलिकॉप्टर टेकडीवर आदळलं. वॉन ३५ वर्षांचा होता.

पहिली बाजू साधारण अठरा मिनिटांची, दुसरी एकवीसची. हा तीन मिनिटांचा फरक रेकॉर्डवर महत्त्वाचा. मिनिटं वाढली की ग्रूव्ह एकमेकांच्या जवळ आणावे लागतात, आणि बास जोरात असेल तर ग्रूव्हला हलायला जागा हवी असते. शिवाय रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनीच फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर ग्रूव्ह सरकतो आणि लेबलजवळ जेमतेम २० च्या आसपास. तोच आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून शेवटच्या गाण्यात झांजा आणि 'स' फाटतात. जुने लोक बाजूच्या शेवटी सौम्य गाणं ठेवायचे ते उगीच नाही.

पहिल्या बाजूच्या शेवटी 'टेस्टिफाय' आहे, चांगलंच आक्रमक. ते थोडं खरखरलं तर सुईला दोष देऊ नका. दुसऱ्या बाजूच्या शेवटी आहे 'लेनी'. गाणं असं नाहीच, शब्द नाहीत. लेनी म्हणजे लेनोरा, त्याची बायको. डॅलसमधल्या एका गहाणवटीच्या दुकानात ३५० डॉलरची एक स्ट्रॅटोकास्टर होती. तेवढेही पैसे वॉनकडे नव्हते. बायकोने मित्रांकडून वर्गणी काढून ती त्याच्या वाढदिवसाला घेतली. त्याच गिटारवर ही धून आहे, आणि गिटारचं नावही लेनीच पडलं. २००४ साली लिलावात ती ६,२३,५०० डॉलरला गेली.

(दृश्य: 'लेनी' सुरू. सुई लेबलच्या दिशेने.)

इथे सीडी आणि रेकॉर्ड यांतला फरक कळतो. सीडीवर 'लेनी' दहावा ट्रॅक, बस. रेकॉर्डवर ती 'रूड मूड'च्या धावाधावीने उघडलेल्या बाजूचा शेवट आहे. सूर सुटे सुटे पडतात, व्हायब्रेटो बार, म्हणजे सूर थरथरवणारा दांडा, हळूच दाबला जातो, आणि मध्ये खोलीतली हवा ऐकू येते. जुन्या प्रतीत तिथे टिकटिक असणारच. विकत घेताना पहिली गोष्ट हीच तपासा: दुसऱ्या बाजूचा आतला इंचभर भाग. तिथे ओरखडे असतील तर दुकानदाराने कितीही 'कंडिशन चांगली' म्हटलं तरी भाव पाडून मागा.

शौकिनांसाठी पुढे हाच अल्बम मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने, दोन तबकड्यांवर निघाला. वेग जास्त, ग्रूव्हला जागा ऐसपैस, लेटनची झांज स्वच्छ. वाद नाही, आवाज उजवा आहे. पण दोन-तीन गाणी झाली की उठा, बाजू बदला. 'टेक्सास फ्लड'च्या आधी 'प्राइड अँड जॉय' संपताना जो श्वास घ्यायचा, तो तुम्ही उभं राहून तबकडी पुसण्यात घालवणार असाल, तर १९८३ ची साधी प्रत बघा. अमेरिकन छापाची मिळाली तर उत्तम.