आतून धुवू नका

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी. लांबट, जांभळ्या काड्या.)

या काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस जिवाणू. निरोगी योनिमार्गात बहुतेक वेळा यांचीच वस्ती मोठी असते. तिथल्या पेशींमधल्या ग्लायकोजेनवर हे पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे सामू (आंबटपणा मोजणारा आकडा, pH; तो जितका कमी तितकी जागा आंबट) ३.८ ते ४.५ राहतो. एवढ्या आंबट जागी इतर जिवाणूंना जोर धरता येत नाही.

या काड्या कमी झाल्या की आम्ल उतरतं. मग गार्डनेरेला, प्रिव्होटेला असे कमी ऑक्सिजनमध्ये फोफावणारे जिवाणू जागा बळकावतात. याला म्हणतात बॅक्टेरियल व्हजायनोसिस. हा एकाच जंतूचा रोग नाही; इथे सगळी वस्तीच पालटते.

‘अंगावरून पांढरं जातंय’, एवढंच बाई सांगते, तेही आडून आडून. जवळजवळ निम्म्या जणींना तर काहीच जाणवत नाही. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला; त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

(दृश्य: हात धुणारी परिचारिका. हातमोजे.)

तपासणी अवघड नाही, पण नमुना कुठून घेतला याला फार महत्त्व आहे. तो योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा. गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव मुळातच कमी आंबट असतो. तो सामू मोजायच्या कागदाला लागला तर सामू खोटाच वाढलेला दिसतो. पाळीचं रक्त आणि वीर्यही असंच फसवतं.

मग चार गोष्टी बघायच्या. स्राव पातळ, राखाडी-पांढरा, भिंतींवर सारखा पसरलेला आहे का? सामू ४.५ च्या वर आहे का? १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर माशासारखा वास येतो का? आणि चौथी गोष्ट सूक्ष्मदर्शकात: पेशीवर वाळू भुरभुरावी तसे जिवाणू चिकटलेले, इतके की पेशीची कडाच दिसेनाशी होते. या ‘क्लू सेल’. पाच पेशींमागे किमान एक अशी हवी. चारपैकी तीन खुणा जुळल्या की निदान झालं.

दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव आणि जोराची खाज असेल, तर बहुधा ती बुरशी. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव असेल, तर बहुधा ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असं नाही.

आता कारणांकडे येऊ. ‘स्वच्छता ठेवत नाही’ हा शेरा बाईला फार सहज मारला जातो, आणि नुकसान तिथूनच सुरू होतं. वास येतो म्हणून ती साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी घेऊन आतून धुते. त्यात उरल्यासुरल्या काड्याही वाहून जातात, वास परत येतो, ती आणखी धुते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे. आत काहीही घालायचं नाही.

पाळीचं रक्त आम्ल उतरवतं, त्यामुळे त्या दिवसांत त्रास वाढतो. कापड वापरायला हरकत नाही. ओलसर कापड मात्र नको. ते साबणाने धुऊन कडक उन्हात पूर्ण सुकवायचं. लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घातलं की ते दमटच राहतं. पाणी लांबून आणावं लागतं, आडोसा नाही, तिथे हा दोष एकट्या बाईच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. नवा किंवा एकाहून जास्त जोडीदार, निरोधाशिवाय संबंध आणि धूम्रपान यांनीही धोका वाढतो.

(दृश्य: गोळ्यांची पट्टी. सात दिवसांच्या खुणा केलेलं कॅलेंडर.)

डॉक्टर बहुधा मेट्रोनिडॅझोल देतात: ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं. जेवणानंतर घेतली तर सोसवते. तिसऱ्या दिवशी वास जातो आणि गोळ्या बंद होतात, इथेच बहुतेकींचं चुकतं. जिवाणू पेशींवर चिकट थर करून बसलेले असतात, तो अजून उतरलेला नसतो. पूर्ण उपचार करूनही वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास पुन्हा होतो, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर बाई स्वतःलाच दोष देते.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नवऱ्याला किंवा जोडीदारालाही गोळ्या आणि लावायचं मलम सात दिवस दिलं. बारा आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आलं. त्रास वारंवार होत असेल, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं.

गरोदरपणी असा स्राव दिसला तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. या आजारात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. ताप, ओटीपोटात दुखणं किंवा पाळी नसताना रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.