मशीन जुनं होतं म्हणजे काय होतं?

नमस्कार श्रोतेहो.

"नवा लॅपटॉप कुठला घेऊ?" हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारला गेलाय, देवळाच्या पायऱ्यांवर विचारला गेलाय आणि फोंड्याच्या बाजारात, हातात मासळीची पिशवी असताना तर कितीदा तरी. ह्याला संगणकाचं वेड आहे एवढं गावात कळलं की सल्ला फुकट असतो हे लोक धरूनच चालतात. मी उलट विचारतो, जुन्याला काय झालं? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "काय नाय हो, स्लो झालाय."

आता ह्या स्लो होण्याचं बघा. आत जो प्रोसेसर आहे तो दमत नाही. २०१६ साली घेतलेल्या लॅपटॉपची चिप त्या दिवशी ज्या वेगाने गणित करत होती त्याच वेगाने आजही करते. मग बिघडलं काय? तिच्यावर टाकलेलं ओझं वाढलं. साधी रेल्वेची वेळ बघायला जावं तर पानाबरोबर चार जाहिराती, दोन व्हिडिओ आणि आपण कुठे बोट ठेवतो त्याची टिपणं काढणारं काहीबाही उतरतं. दुसरं कारण आतली हार्ड डिस्क. लॅपटॉपमध्ये ती बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असायची. एका जागची माहिती वाचून दुसऱ्या जागी जायला तिला दहाएक मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही, पण मशीन चालू करताना अशा हजारो उड्या माराव्या लागतात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी नवी डिस्क. तिच्यात फिरणारा भाग नसतो, ती हेच काम साधारण शंभराव्या हिश्शात उरकते. म्हणून मला विचाराल तर आधी एसएसडी बसवा, रॅम, म्हणजे चालू काम मशीन हाताशी ठेवतं ती जागा, चार जीबी असेल तर आठ करा, आणि मग सांगा लॅपटॉप म्हातारा झालाय की नाही. मात्र हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली असते, ती बदलता येत नाही. नवा घ्यायचाच झाला तर दुकानात रंगाआधी हे विचारा.

गेल्या काही काळात ह्या प्रश्नाला नवी धार आली ती विंडोज १० मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. आधार संपला म्हणजे मशीन बंद पडलं असं नव्हे. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप येत राहायच्या त्या थांबल्या. विंडोज ११ घालावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१६ चा चांगला, धडधाकट लॅपटॉप दारातच अडवला जातो. ह्यामागे सुरक्षेचा विचार आहे हे मला कळतं. तरी कीबोर्ड ठीक, पडदा ठीक, बॅटरी बदलता येते, आणि अशी यंत्रं भंगारात जायची, हे मला पटत नाही. कधीच पटणार नाही.

इथे लिनक्सचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही, माझ्या घरच्यांना ते ठाऊक आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टॉरवाल्ड्सने, आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय असं जाहीर केलं होतं. फार मोठं काही होणार नाही, असंही वर म्हणाला. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या बुडाशी त्याचंच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे. जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंट हा त्याचा एक सोपा अवतार घ्या. फुकट आहे, दोन जीबी रॅमवरही उभं राहतं, चार असली तर बरं. पेन ड्राइव्हवर घालून आधी चालवून बघता येतं, आतलं काही न पुसता. इंटरनेट, मेल, पत्रं लिहिणं, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, एवढ्यावर ज्यांचा दिवस जातो त्यांना दुसऱ्या आठवड्यात फरकही जाणवत नाही. पण दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, किंवा सही करायचा डिजिटल टोकन रोज लागत असेल, तर ह्या वाटेला जाऊ नका. वेड माझं, धंदा तुमचा.

आमच्या गोव्यात यंत्राचा खरा वैरी वेगळाच आहे म्हणा. वर्षाला साधारण १२० इंच पाऊस. इंचांचं शतक लागलं की वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते, आणि दर्याच्या बाजूला राहणाऱ्यांना वर मिठाचाही प्रसाद. बोर्डावरचं तांबं हिरवं पडतं, चार्जरची पिन काळी. लोक काय करतात, पावसाळ्यात वापरत नाही म्हणून लॅपटॉप पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवतात. हे अगदी उलटं आहे. चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने आतली ओल घालवतं, म्हणून दोन दिवसांआड तासभर तरी चालवावं. ठेवायचंच असेल तर बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. आणि मे महिन्याच्या अखेरीस नाहीतर ऑक्टोबरात ढग गडगडायला लागले की प्लग काढा. बटण बंद करणं पुरत नाही. आमच्या आजीला संगणक माहीत नव्हता, पण वीज चमकली की रेडिओची वायर ती आधी काढायची.

आता ज्यासाठी आज मी मुद्दाम बोलायला आलो ते सांगतो. यंत्र दुरुस्त होतं, नाहीतर बदलता येतं. आतला मजकूर मात्र वाचता यायला हवा.

आपल्याकडे गावोगावच्या जात्रांना, उत्सवांना मराठी नाटक होतं. गावातलीच माणसं, दिवसा शाळेत, पंचायतीत, दुकानात असलेली, रात्री राजाचा मुकुट चढवतात. ह्या मंडळांच्या संहिता, आरत्यांची पुस्तकं, देवस्थानच्या उत्सवाच्या पत्रिका हे सगळं नव्वदच्या दशकात डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून देणाऱ्या, दुकानांत टाईप झालं. फोंड्यात, म्हापशात, डिचोलीत अशी दुकानं होती. कुणी हौसेने त्याची सीडी मागून घेतली, कुणी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलं. आज ती फाईल उघडा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण, मध्येच एखादा स्वल्पविराम. लोक म्हणतात व्हायरस आला. व्हायरस नाही, फाईल शाबूत आहे.

झालं असं. तेव्हाच्या श्रीलिपी, किरण, शिवाजी अशा फाँटांत मराठी अक्षराला स्वतःची ओळखच नव्हती. फाईलमध्ये साठवलेलं असायचं रोमन अक्षर. फाँट त्याला मराठीचा वेष चढवायचा. नट तोच, रंगपटातून "क" होऊन बाहेर यायचा. रंगपट बंद झाला, फाँट नव्या मशीनवर नाही, की नट आपल्या मूळ कपड्यांत समोर उभा. त्यात प्रत्येक कंपनीचा रंगपट वेगळा. एका फाँटात जे रोमन अक्षर "क" व्हायचं ते दुसऱ्यात "ण" व्हायचं.

युनिकोडने हा घोळ मिटवला. त्यात जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. "अ" चा २३०९, "क" चा २३२५. फाँट कुठलाही असो, क्रमांक बदलत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, मराठीबरोबर कोकणीही आली. मग दुकानं जुन्याच फाँटांवर का अडून राहिली? कारण सगळी छपाई पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर चालायची, आणि पेजमेकरला युनिकोडची देवनागरी शेवटपर्यंत जमली नाही. टाईप करणाऱ्याच्या बोटांना जुनी सवय, छापखान्याला जुनी फाईल हवी. ह्यात दोष कुणा एकाचा नाही.

तर अशा फाईली वाचवता येतात. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतर करणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. आधी फाँट कुठला होता ते कळलं पाहिजे. फाईलच्या गुणधर्मांत नाव सापडतं, नाहीतर त्या डीटीपीवाल्याला गाठा, त्याला नक्की आठवतं. पण रूपांतर झालं म्हणून निश्चिंत होऊ नका. जुन्या फाँटात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे, म्हणून ती आधी. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो तो क्रम, म्हणजे आधी "क", मग वेलांटी. रफार त्याहून वाकडा. "धर्म" म्हणताना "र" आधी येतो, दिसतो मात्र "म"च्या डोक्यावर. जुन्या फाईलमध्ये तो "म"च्या नंतर असतो, रूपांतर करताना तो उचलून अलीकडे आणावा लागतो. साधन कच्चं असेल तर इथेच हमखास घसरतं आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. आणि आपल्या मराठीचा खास तो आडवा "र"! आपण ज्याच्या काठी राहतो तो दर्या, आणि सत्तरीच्या डोंगरातल्या दऱ्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा, आणि ह्या दोन "र"चे युनिकोडमध्ये क्रमांक वेगळे आहेत. साधनाने तो भेद पाळला नाही तर नायिका दऱ्यात उडी घेते.

म्हणून रूपांतर झालेली संहिता मंडळातल्या कुणा जुन्या नटाकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्यांना आपली भाषणं तीस वर्षांनंतरही पाठ आहेत त्यांच्याइतका कडक तपासनीस कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. नंतर ती साध्या टेक्स्ट फाईलमध्येही ठेवा. वर्डची ठेवा, पीडीएफ ठेवा, पण एक प्रत बिनसजावटीच्या टेक्स्टची हवीच. तिच्यात ठळक अक्षर नाही, रंग नाही, चौकट नाही. उद्या कुठली कंपनी राहो न राहो, ती उघडेल. तंत्रज्ञानात मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट कुठली असं विचारलंत तर मी टेक्स्ट फाईल म्हणेन. लोक हसतात. हसू देत.

ह्या युनिकोडचा एक फायदा असा झाला की फोनला मराठी कळायला लागली. टाईप करायचा कंटाळा असलेली आमच्याकडची वडीलधारी माणसं आता फोनला नुसतं सांगतात आणि तो लिहितो. "माटोळी", म्हणजे चवथीला गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची, म्हटलं की भलतंच काही लिहितो, ते सोडून द्या. तरीही तरुण मुलं मराठी निरोप रोमन लिपीत का लिहितात हे मला कोडं आहे. १९८६ पासून आपल्या लिप्यांसाठी ठरवलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, "क" आणि "ख" एकाच बटणावर. पंधरा दिवस सकाळी अर्धा तास बसलं की हात बसतो. कुणी बसत नाही, तो भाग निराळा.

फोटोंचं थोडक्यात. चवथीचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे. छायाचित्रकारांचा एक नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे मुंबईच्या बहिणीकडे दिलेली हार्ड डिस्कसुद्धा चालते. गूगल फोटोजची मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, आता मेल धरून सगळं मिळून पंधरा जीबी. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही प्रत मोजू नका. तो पाठवताना लहान केला जातो, आजोबांच्या चेहऱ्याची बारीक रेघ तिथेच जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

राहिला पासवर्ड. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक खूण, आणि दर तीन महिन्यांनी बदला, हा जाच सुरू झाला तो अमेरिकेच्या निस्ट ह्या संस्थेच्या २००३ सालच्या सूचनांवरून. त्या लिहिणारे बिल बर निवृत्तीनंतर, २०१७ साली, म्हणाले की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आपल्याला पस्तावा होतो. त्याच वर्षी निस्टनेही हा आग्रह सोडला. कारण उघड आहे. बदला म्हटलं की माणूस शेवटच्या एकाचा दोन करतो. त्यापेक्षा लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, काजू, घुमट, रिक्षा, मंगळवार असे काही. हे मी रेडिओवर सांगितलं, तेव्हा नेमके हेच घेऊ नका.

आणि तो घरच्या वहीत लिहून ठेवायला माझी काहीही हरकत नाही. बँकेचा पिन नको, पण मेलचा पासवर्ड जरूर लिहा. दूर देशी बसलेला चोर तुमचं कपाट उघडायला येत नाही, आणि घरातला कर्ता माणूस अचानक गेला तर त्याच्या मेलमध्ये अडकलेले विम्याचे कागद, घराच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, वीस वर्षांचे फोटो ह्यांच्यासाठी मागच्यांनी कुणाचे पाय धरायचे? चवथीला सगळे मूळ घरी जमतात. आरत्या झाल्यावर, जेवणाआधी तासभर मिळतो. वही कुठे आहे ते निदान दोघांना दाखवून ठेवा, आणि हार्ड डिस्क मुंबईच्या बहिणीच्या बॅगेत तेव्हाच घाला, नंतर राहून जातं.

नमस्कार.