शाई, शिळा आणि गणपत कृष्णाजी

ही पानं ‘मुंबईचें वर्णन’ या पुस्तकाची. साल 1863. लेखक गोविंद नारायण माडगांवकर. घराणं गोव्यातलं, पेशा मुंबईत शिक्षकाचा. किल्ला, तळी, देवळं, बाजार, सगळं त्यांनी पायी फिरून पाहिल्यासारखं लिहिलंय. आणि छापखान्यांची हकिकत सांगता सांगता ते एका माणसापाशी रेंगाळतात. गणपत कृष्णाजी.

भंडारी समाजातला हा तरुण अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करत होता. तिथं ख्रिस्ती धर्माची पुस्तकं छापून निघत. ती पाहून त्याच्या मनानं घेतलं, की आपल्या धर्माचे ग्रंथही असेच छापायचे. यंत्र नव्हतं, भांडवल नव्हतं. त्यानं घरच्या घरी लाकडी यंत्र उभं केलं, शिळेचे तुकडे मिळतील तिथून मिळवले, शाई स्वतः बनवली.

शिळाप्रेसचं काम कसं चालतं, ते आता नीट पाहा. हा चुनखडीचा दगड, घासून घासून गुळगुळीत केलेला. त्यावर तेलकट शाईनं मजकूर उतरवायचा, तोही उलटा. मग गोंद आणि त्यात जरासं आम्ल. आता ओलं फडकं फिरलं. कोऱ्या दगडानं पाणी धरलं, अक्षरांनी धरलं नाही. आणि हा रूळ. शाई चढली ती फक्त अक्षरांवर. पाणी जरा कमी पडलं, तर अख्खा दगड काळा होतो. वर कागद, त्यावर दाब, आणि ही सुलट ओळ.

हे सगळं उभं आहे ते शाईतल्या स्निग्धपणावर. आणि छपाईच्या शाईत तेव्हा जनावराची चरबी असायची. मग सोवळ्यातला माणूस त्या कागदाला हात कसा लावणार? छापलेल्या कागदाला शिवायला कचरणारे भट-ब्राह्मण होते, आणि आपल्या काळातही, म्हणजे 1863 मध्येही, तसे काही आहेत, हे माडगांवकर नोंदवून ठेवतात. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घातलं, असं सांगतात. दगडाला स्निग्धपणा मिळाला, आणि चरबीचा आक्षेप उरला नाही. धंद्याचं मर्म आणि समाजाची नाडी, दोन्ही ठाऊक असलेल्या माणसालाच हे सुचतं.

शके 1753, म्हणजे इसवी सन 1831. त्यांनी छापलेलं मराठी पंचांग बाहेर पडलं. पहिलं छापील मराठी पंचांग ते हेच. तोवर पंचांग हातानं उतरवून काढलं जायचं, आणि ते काम जोश्यांचं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, आता एका भंडाऱ्याच्या यंत्रावरून घरोघर जाऊ लागलं. ही गोष्ट आपण पुरेशी सांगितलेली नाही.

पुढं ते खिळ्यांकडे, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांकडे वळले. साचे घडवणं, धातू ओतणं, एकेक अक्षर पाडणं, हेही स्वतःच शिकून. 1860 मध्ये ते गेले. मराठी छपाई पुढं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यापर्यंत पोचली.

माडगांवकरांनी ही हकिकत लिहिली नसती, तर गणपत कृष्णाजींच्या खटपटीतलं फार थोडं आपल्यापर्यंत आलं असतं. अ. का. प्रियोळकरांनी 1958 साली भारतातल्या मुद्रणाचा इतिहास लिहिताना तिचा आधार घेतला. 1961 मध्ये न. र. फाटकांच्या संपादनाखाली ‘मुंबईचें वर्णन’ पुन्हा निघालं. 2008 मध्ये मुरली रंगनाथन यांनी ते इंग्रजीत नेलं.

आणि गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची पुस्तकं? काही ग्रंथालयांत आहेत. काही अजून जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, पोथ्यांच्या गाठोड्यात असू शकतात. तुमच्या घरी असं गाठोडं असेल, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडा. मुखपृष्ठावरचा शक पाहा, छापखान्याचं नाव वाचा, पानांचे फोटो काढा आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन दाखवा.