नागाळा पार्कापर्यंतचा प्रस्ताव

गगनबावड्यात पावसाने मुक्काम ठोकला आणि एखाद्या प्राथमिक शाळेचे छप्पर गळू लागले, की मुख्याध्यापकांचा अर्ज पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. बांधकाम विभागाचा अभियंता जागेवर येऊन अंदाजपत्रक करतो, आणि मग तो प्रस्ताव कोल्हापुरात, नागाळा पार्कातील जिल्हा परिषदेच्या मुख्यालयात दाखल होतो. बारा तालुक्यांतील प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, जनावरांचे दवाखाने आणि ग्रामीण रस्ते ही या संस्थेची रोजची कामे आहेत.

ही रचना महाराष्ट्राने विचारपूर्वक स्वीकारली. केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये तालुका पातळीवरील पंचायत समितीला प्रमुख स्थान सुचवले होते. राज्याच्या वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा हाच नियोजनाचा आणि अंमलबजावणीचा योग्य घटक मानला, आणि 1961 च्या कायद्यानुसार 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

अधिकार जिल्ह्यात आले, तरी तिजोरीची किल्ली बहुतांशी मुंबईतच राहिली. शिक्षकांचे पगार राज्याच्या अनुदानातून होतात. शाळा दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीकडे पाहावे लागते, आणि त्या समितीचे अध्यक्ष असतात पालकमंत्री. जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील हिस्सा अशा मार्गांनी उभा राहणारा स्वनिधी तुटपुंजा असतो. त्यातूनही 20 टक्के मागासवर्गीयांच्या आणि 10 टक्के महिला व बालकल्याणाच्या योजनांसाठी, योग्य कारणानेच, राखून ठेवावे लागतात. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतींना गेला, तेव्हा जिल्हा परिषदेच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. पंधराव्या आयोगाच्या निधीतून तिला 10 टक्के मिळू लागले.

पैसा थोडा असला, म्हणजे तो कुठे खर्च करायचा याचा वाद मोठा होतो, आणि त्या वादाची हक्काची जागा म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांची सर्वसाधारण सभा. मार्च 2022 मध्ये सदस्यांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून सभेचे व स्थायी समितीचे अधिकार वापरत राहिले. प्रस्ताव या काळातही मंजूर होत होते, काही तर लवकरही झाले असतील. पण गगनबावड्याची शाळा आधी की शिरोळची, असे सभागृहात उभे राहून विचारणारा सदस्य नव्हता, आणि ज्यांनी खुलासा द्यायचा तेच अधिकारी खुलासा मागणाऱ्या सभेच्या जागी बसले होते.