आठ ट्रेडमिल, चार माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या गाण्याविषयी बोलणार आहे, ते बहुतेकांनी आधी पाहिलं आणि मग ऐकलं. तेव्हा रेडिओवर पहिलं काम एकच, ते चित्र तुमच्या डोळ्यांपुढे आणायचं.

एका खोलीत आठ ट्रेडमिल. चार-चारच्या दोन रांगा, आणि शेजारशेजारचे पट्टे उलट दिशांना धावताहेत. त्यांवर चार तरुण. एक पट्ट्यावर नुसता उभा राहतो नि मागे वाहून जातो, दुसरा त्याच क्षणी पुढे येतो. कुणी उडी मारून शेजारच्या पट्ट्यावर जातो, कुणी घसरगुंडीवरून यावा तसा घरंगळतो. कॅमेरा जागचा हलत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मध्ये कुठेही कात्री नाही! सुमारे तीन मिनिटं, सलग एकच चित्रण.

हा 'ओके गो'. शिकागोमध्ये १९९८ साली सुरू झालेला अल्टरनेटिव्ह रॉक बँड. 'हिअर इट गोज अगेन' हे गाणं त्यांच्या २००५ च्या 'ओ नो' या अल्बममधलं. नाच बसवला तो गायक डेमियन कुलाशच्या बहिणीने, ट्रिश सीने, आणि चित्रण झालं फ्लोरिडात ऑर्लँडोला तिच्याच घरी. एखादं पाऊल चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. असे १७ प्रयत्न झाले म्हणतात. जुलै २००६ च्या अखेरीस व्हिडिओ यूट्यूबवर आला. तेव्हा यूट्यूब जेमतेम दीड वर्षांचं होतं. पुढच्याच वर्षी या व्हिडिओला ग्रॅमी मिळालं.

मला हा व्हिडिओ नुसती गंमत वाटत नाही. गाण्याच्या नावाचा अर्थच 'झालं, पुन्हा सुरू'. नको नको म्हणताना तीच गोष्ट परत गळ्यात पडते, असा त्याचा सूर. आणि ट्रेडमिल म्हणजे तरी काय? चालत राहायचं नि जागच्या जागी राहायचं. ही सांगड ज्याला सुचली, त्याने गाणं मनापासून ऐकलं होतं. शिवाय हे चौघे नर्तक नव्हेत. त्यांच्या हालचालीत किंचित अवघडलेपण आहे, तोल सांभाळण्याची धडपड दिसते, म्हणून आपण श्वास रोखून पाहतो. सफाईदार नर्तक असते तर आपल्याला त्यांची काळजीच वाटली नसती.

आता एक गोष्ट फक्त रेडिओच्या श्रोत्यांसाठी. पडद्यावर गाण्याचे ओठ हलवतो तो बँडमध्ये बास गिटार वाजवणारा टिम नॉर्डविंड. आवाज मात्र डेमियनचा. आज आपल्यापुढे पडदा नाही, त्यामुळे खऱ्या गायकाशीच थेट गाठ पडते. ऐकूया तर.