जी-एच सायलेंट का असतो?

मंडळी, सुरुवात एका वहीपासून करते. सातवीतली एक मुलगी माझ्याकडे इंग्रजीला यायची, तिने एका पानावर एकाखाली एक शब्द लिहिले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरीत उच्चार. टफ, रफ, इनफ. मग कॉफ, ट्रॉफ. मग थ्रू. मग दो, डो. मग बाउ, प्लाउ. आणि सगळ्यांच्या स्पेलिंगमधल्या ओ-यू-जी-एच या चार अक्षरांना लाल पेनाने गोल केलेला. म्हणाली, मॅडम, अक्षरं चारच, तीच, मग उच्चार पाच कसे?

आपण सगळे काय उत्तर देतो? जी-एच सायलेंट असतो, पाठ कर. मीही कित्येक वर्षं हेच सांगितलं, पण ते उत्तर अपुरं आहे कारण जी-एच आधीपासून मुका नव्हता, तो चांगला खणखणीत बोलायचा.

घशातून ख घासून काढायचा, उर्दूतल्या ख़बरसारखा, तो हा आवाज. जुन्या इंग्रजीत टफला साधारण तोख़ म्हणायचे, रफला रूख़, थ्रूला थुर्ख़. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हातून हा आवाज जी-एच असा लिहायची पद्धत पडली. म्हणजे लिहिणारा कानाला ऐकू येत होतं तेच लिहीत होता. पुढे 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, स्पेलिंगं हळूहळू पक्की व्हायला लागली आणि नेमक्या त्याच दोन-तीनशे वर्षांत बोलणं बदलत गेलं. स्वर सरकले, तो घशातला ख़ बऱ्याच ठिकाणी गळून पडला आणि काही बोलींत त्याचा फ झाला, कारण कानाला हे दोन्ही आवाज जवळचे वाटतात. लंडनच्या भाषेत सगळीकडून माणसं आली, त्यामुळे एक शब्द या बोलीतला टिकला, दुसरा त्या बोलीतला. डो म्हणजे मळलेली कणीक ना, तर त्याच शब्दाचं डफ असं रूपही आहे, खलाशांच्या एका पुडिंगच्या नावात ते अजून ऐकू येतं. स्कॉटलंडमध्ये मात्र तळ्याला आजही लॉख़ म्हणतात, घसा घासून. आयर्लंडमध्ये तोच शब्द ओ-यू-जी-एच लावून लिहितात आणि तिथे तो जी-एच अजून जिवंत आहे.

एक गंमत सांगते. उचकीला हिकप म्हणतात, उचकीच्या आवाजावरूनच आलेला शब्द, पण लोकांना वाटलं की खोकल्याशी, म्हणजे कॉफशी याचं काहीतरी नातं असणार, म्हणून कोणीतरी त्यालाही ओ-यू-जी-एच चिकटवला. तिथला जी-एच खरंच उसना आहे.

आता मला ज्याच्यासाठी आज बोलायचं होतं ते. डो घ्या. हा शब्द ज्या मुळापासून आला त्याचा अर्थ मळणं, लिंपणं, हाताने आकार देणं, आणि त्याच मुळापासून संस्कृतात आला देह. मातीसारखा घडवलेला, लिंपलेला तो देह! डोमधला जी-एच आणि देहमधला ह एकाच जुन्या आवाजाची दोन लेकरं. बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी, जुन्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ खांदा असाही होता, आणि संस्कृतात त्याचा भाऊ आहे बाहु. पुन्हा तिकडे जी-एच, इकडे ह. थ्रूचं नातं तिरस् या शब्दाशी, पलीकडे, आरपार, तेच तिरस्कारातलं तिरस्. हे शब्द संस्कृतातून इंग्रजीत गेले असा फॉरवर्ड तुम्हाला व्हॉट्सॲपवर येईल, तो खरा नाही, कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, ही चुलत भावंडं आहेत, आजोबा एक.

म्हणजे बघा, इंग्रज माणूस डो म्हणताना ते जी-एच उच्चारत नाही, पण आपण देह म्हणताना त्याच जागेचा ह आजही उच्चारतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कणीक मळत होते असं नाही, पण त्यानंतर कणीक मळताना हे आठवलं नाही असा दिवस क्वचितच गेलाय.

आणि हे आपल्याला परकं वाटायचं काहीच कारण नाही. घरात जुनी पत्रं असतील तर काढून बघा, गांव, नांव, सगळ्यांवर टिंब. ते टिंब म्हणजे ग्राम आणि नाम यांतला म, नाकात शिरून उरलेला. कानाला ऐकू येईना म्हणून 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांत अशी टिंबं गेली. अमेरिकेतही असा प्रयत्न झाला, थिओडोर रुझवेल्टने 1906 मध्ये सरकारी छापखान्याला सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम काढला, थ्रूचा जी-एच त्यात कापलेला होता, पण काँग्रेसने विरोध केला आणि ते बारगळलं. आपलं टिंब गेलं, त्यांचा जी-एच राहिला. लिहिणाऱ्या पोरांचे कष्ट आपण वाचवले हे मला मान्यच आहे, मीही गाव बिनटिंबाचंच लिहिते, पण गांवमधला म मला दिसायचा तो आता सांगावा लागतो.

तर त्या मुलीला मी हे सगळं एका बैठकीत नाही सांगितलं, महिनाभर थोडं थोडं सांगितलं. पुढच्या महिन्यात ती नवीन पान घेऊन आली, यावेळी लाल गोल ए-यू-जी-एच भोवती. पहिलाच शब्द डॉटर. म्हटलं, जुन्या इंग्रजीत हा दोख़्तोर होता, फारसीत आजही दुख्तर म्हणतात, आता संस्कृतात मुलीला काय म्हणतात ते आठव. तिने जरा विचार केला, जी-एचच्या बरोबर खाली पेन्सिलने ह काढला, आणि मग त्याच्या मागेपुढे बाकीची अक्षरं भरली, दुहिता.