साखर वाढते तेव्हा हृदयाच्या नसांचं काय होतं?

नमस्कार मंडळी. आजचा विषय अमेरिकेतल्या हिस्पॅनिक समाजातला, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांमधला, मधुमेह आणि हृदयाच्या नसा हा आहे, पण त्याआधी एक गोष्ट बसल्या जागी करून बघा. मनगटावर बोटं ठेवून नाडी पकडा आणि सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. वयाने तरुण असाल तर हा फरक चांगला जाणवेल. नाडी ७० असली तरी दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी सारखं नसतं. कधी ८०० मिलिसेकंद, कधी ९००. या चढउताराला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, आपण एचआरव्ही म्हणू. तो असणं ही चांगली खूण आहे. फार कमी झाला तर काळजी करायला हवी.

हृदयाला मज्जातंतूंचं काही ऐकू आलं नाही, तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. मेंदूच्या तळातून निघून छाती-पोटात उतरणारी व्हेगस नस त्याला लगाम घालते, म्हणून आरामात आपली नाडी साठ-सत्तरवर राहते. श्वासागणिक हा लगाम किंचित सैल होतो आणि पुन्हा आवळला जातो. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं की ही नस एक रसायन सोडून ठोके मंदावते. पुढे त्यांना नोबेल मिळालं.

आता साखर. मेंदू आणि रक्तशर्करा यांचं नातं त्याच्याही आधीपासून माहीत आहे. १८४९ मध्ये क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठिकाणी सुई टोचली आणि थोड्याच वेळात त्याच्या लघवीत साखर उतरली. व्हेगस नस हृदयाबरोबर यकृत आणि स्वादुपिंडाकडेही जाते. समोर ताट आल्यावर, पहिला घास पचायच्या आतच इन्सुलिन थोडं सुटतं, त्यात तिचा हात असतो.

म्हणून हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, दोन्ही खराब होतात. लांब नसांना इजा आधी पोचते. पायांच्या बोटांना मुंग्या येतात त्या याच कारणाने. शरीराच्या आतल्या कारभाराच्या नसांमध्ये सगळ्यांत लांब आहे ती व्हेगस. म्हणून लगाम आधी ढिला पडतो, आणि आरामातही नाडी नव्वदच्या पुढे राहू लागते. नसा आणखी गेल्या की उठून उभं राहताना रक्तदाब घसरून चक्कर येते. काहींना तर हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत दुखत नाही, कारण दुखणं कळवणारी नसच कामातून गेलेली असते. अमेरिका आणि कॅनडातल्या ॲकॉर्ड अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ८,००० हून अधिक रुग्णांमध्ये ज्यांच्या हृदयाच्या नसा सुरुवातीलाच बिघडलेल्या होत्या, त्यांचं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या दीडपट ते दुप्पट निघालं.

सुरुवात मधुमेहाचं निदान होण्याआधी होते, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात उपाशीपोटीची साखर १२६ या मधुमेहाच्या रेषेखाली, पण नेहमीपेक्षा चढी असलेल्या लोकांतही एचआरव्ही कमी आढळला. पण फ्रेमिंगहॅम हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव, आणि तिथले सहभागी जवळपास सगळे गोरे. तिथली मोजमापं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डोमिनिकन आजीला किंवा सॅन दिएगोतल्या मेक्सिकन बांधकाम कामगाराला जशीच्या तशी लावायची का?

म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी मोठा अभ्यास उभा केला. २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या १८ ते ७४ वयाच्या १६,००० हून अधिक हिस्पॅनिक-लॅटिनो प्रौढांची तपासणी झाली: रक्त, ईसीजी, खाणंपिणं, झोप, सगळं. मधुमेहाचं प्रमाण एकंदर १६.९ टक्के निघालं. पण दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत १०.२ टक्के, क्युबनांमध्ये १३.४, मेक्सिकनांमध्ये १८.३, डोमिनिकन आणि पोर्तो रिकन याच्या अगदी जवळ. एकाच शिक्क्याखाली जवळजवळ दुपटीचा फरक! अमेरिकेत जितकी जास्त वर्षं काढली, तितकं प्रमाण चढं. शिक्षण आणि मिळकत वाढली की प्रमाण उतरतं. म्हणजे सगळा दोष रक्ताचा नाही. कामाच्या पाळ्या, स्वस्त गोड पेयं, परवडणारं घर कुठल्या वस्तीत मिळतं, हे सगळं त्यात आलं. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वजनाने हलक्या, पण त्या मानाने चरबी जास्त असलेल्या भारतीय बाळांचं जे काम केलं, तेही हेच शिकवतं की एका समाजासाठी आखलेल्या रेषा दुसऱ्यावर ठेवताना सावध राहावं.

आता त्याच अभ्यासातला, मला अस्वस्थ करणारा आकडा. ज्यांना मधुमेह होता, त्यांच्यातल्या ५८.७ टक्क्यांनाच तो असल्याचं माहीत होतं. दहातले चारजण अनभिज्ञ! आणि मधुमेह असलेल्यांपैकी आरोग्य विमा होता जेमतेम निम्म्यांकडे. ज्याला आपला आजारच ठाऊक नाही, त्याच्या व्हेगस नसेची झीज कोण मोजणार?

मोजणं अवघड नाही. मिनिटाला सहा या लयीत खोल श्वास घ्यायला सांगायचं, ईसीजी चालू ठेवायचा, आणि श्वासागणिक सर्वांत जलद आणि सर्वांत मंद नाडीतला फरक पाहायचा. एडिंबरोच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात रुळवलेली ही चाचणी आहे. फरक मिनिटाला १५ ठोके किंवा जास्त असला तर ठीक, १० किंवा कमी असला तर नसेबद्दल शंका घ्यावी; वय वाढतं तसा हा फरक नैसर्गिकरीत्याही घटतो, हे ध्यानात ठेवून. मनगटी घड्याळातले आकडे मात्र जपून वाचा. नाडी मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या, चहा-कॉफी, अपुरी झोप, बसलात की झोपलात, यातल्या कशानेही ते हलतात. दहा सेकंदांच्या ईसीजीवरून काढलेला एचआरव्ही हजारो लोकांची सरासरी सांगायला उपयोगी, एका माणसाचं भविष्य सांगायला नाही.

आणि ढिला पडलेला लगाम पुन्हा आवळता येतो का? मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ अमेरिकनांचा डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम झाला. त्यांतले जवळपास निम्मे अल्पसंख्य समाजांतले होते, लॅटिनोही त्यांत होते. २००२ मध्ये निकाल आले. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. याच सहभागींच्या ईसीजीचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा जीवनशैली बदललेल्या गटात आरामातली नाडी उतरलेली आणि एचआरव्ही वाढलेला दिसला. ज्यांच्यात ही सुधारणा झाली, त्यांना मधुमेह होण्याचा धोकाही कमी राहिला.